मंगलाष्टकांना गिटार

आमच्या स्वरालीने स्वतःच्या लग्नात कशाचाच हट्ट केला नाही. साडी मी म्हणेन ती, कार्यालय हे म्हणतील ते, जेवणात मठ्ठा असला काय नि नसला काय, तिला सगळं चालत होतं. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. बोलणी जवळजवळ संपली, पोहे झाले, चहा आला, आणि आमोदच्या आईने, म्हणजे आमच्या होणाऱ्या विहीणबाईंनी, कौतुकाने विचारलं, "तुझं काही सांग की गं. तुझी काही हौस?"

"एकच आहे," स्वराली म्हणाली. "मंगलाष्टकांना आई साथ करणार. इलेक्ट्रिक गिटारवर."

विहीणबाईंचा कप ओठांपाशीच थांबला. आमचे हे, श्यामसुंदर, खिडकीबाहेर बघायला लागले. ही त्यांची जुनी सवय. घरात काही पेटलं की त्यांना समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी फार आवडायला लागते.

"इलेक्ट्रिक म्हणजे..." विहीणबाई म्हणाल्या.

"वायर असते तिला," मी म्हणाले. "शॉक वगैरे बसत नाही."

आता पहिल्याच बैठकीत विहिणीशी असं बोलू नये, हे मला कळतं. पण साठीच्या बाईने गिटार वाजवायची म्हटलं की लोक जो चेहरा करतात ना, तो बघितला की माझं डोकंच फिरतं. विहीणबाई मात्र भल्या निघाल्या. "मग ऐकायलाच हवं," एवढं म्हणून त्यांनी चहा संपवला.

मी कचेरीत नोकरी केली, संसार केला, पण त्याआधी आमचा बायकांचा ऑर्केस्ट्रा होता. पुण्यात गणपतीत, कोजागरीला, कुठे कुठे आमचे कार्यक्रम व्हायचे. मी नीरजा, लीड गिटार, आणि माझी मैत्रीण जरीना बेस गिटार. काठाच्या साड्या, पदर खोचलेले. पहिल्या रांगेतले काका हमखास मान वाकडी करून विंगेत बघायचे, की खरं कोण वाजवतंय. कुणीतरी पुरुष आत बसला असणार, अशी त्यांची खात्री. त्या काकांसाठी मी अकराच्या तारा लावल्या.

सांगते. गिटारच्या तारांच्या पाकिटावर आकडा असतो, तो सगळ्यात बारीक तारेची जाडी सांगतो. नऊच्या तारा बारीक, बोटाला मऊ, आवाज चुरचुरीत. अकराच्या जाड आणि ताठ, आवाज भरदार, पण ओढायला दंडात बळ लागतं. मधे दहाच्या. दहाकडे मी कधी ढुंकून बघितलं नाही, कारण मधलं काही मला आवडतच नाही. चहासुद्धा एकतर कडक, नाहीतर नको. आमच्या वेळी भलेभले पुरुष नऊच्या तारा वाजवायचे आणि मी त्या तारांना शेवया म्हणायचे. मी अकराची तार ओढून सूर वर नेला, की विंगेत बघणाऱ्या काकांच्या माना सरळ व्हायच्या. तो आनंद कुणाला सांगून कळायचा नाही.

आणि आता हे बोट. डाव्या हाताची अनामिका. वाकते आणि तशीच अडकून बसते. दुसऱ्या हाताने धरून उघडावी लागते, मग टक् करून सुटते, जुन्या फ्रिजचं दार सुटावं तशी. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "गिटार वाजवा, पण जोर लावू नका." जोर न लावता मी आजवर साधी बरणी उघडलेली नाही. मी घरी आले आणि गिटार कपाटावर ठेवून दिली. स्वरालीने ते बघितलं होतं. लग्नातली तिची हौस तिथून निघालेली, हे न कळण्याइतकी मी काही भोळी नाही.

पाहुणे गेल्यावर मी गिटार खाली काढली. त्याच अकराच्या तारा, नव्या आणून लावल्या. मंगलाष्टकाची चाल तर मराठी माणसाला झोपेतून उठवलं तरी येते. ओळ वर चढते, वर जरा थांबते, आणि मग घरंगळत खाली येते. ते घरंगळणं हीच खरी गंमत, आणि तिथेच तार बोटाने बाजूला ओढून धरावी लागते. पहिली ओळ गेली, दुसरी गेली, आणि तिसरीच्या वळणावर बोट अडकलं.

स्वराली समोर जमिनीवर बसली होती. ती उठली, माझा हात मांडीवर घेतला, बोट दोन्ही हातांनी हळूच उघडलं. टक्.

"राहू दे आई," ती म्हणाली. "आपण सनईचं रेकॉर्डिंग लावू. मी उगाच बोलले."

इतक्या मायेने म्हणाली की मला ते फार लागलं. कारण लेकीची हौस वगैरे ठीक आहे, पण खरं सांगायचं तर मलाच वाजवायचं होतं. मला, नीरजाला, लोकांसमोर उभं राहून पुन्हा एकदा वाजवायचं होतं. आणि भर मुहूर्तावर बोट अडकलं, साथ मधेच तुटली, सगळं कार्यालय माझ्याकडे बघायला लागलं, तर मी पुन्हा गिटारला हात लावणार नाही, हेही मला पक्कं माहीत होतं. मी जरीनाला फोन केला.

जरीना बिबवेवाडीत राहते आणि घरी पोरांना गिटार शिकवते. आली ती हातात नऊच्या तारांचं पाकीट घेऊन. मी ते बघूनच तोंड वाकडं केलं.

"शेवया?"

"शेवया," जरीना म्हणाली. "लाव आणि वाजव. मग बोल."

लावल्या. बोटाला काय सुख वाटलं म्हणून सांगू. ती घरंगळणारी मींड विनासायास गेली, बोट मिटलं, उघडलं, कुठे अडकलं नाही. पण आवाज. रिकाम्या डब्यावर चमचा मारावा तसा. आणि त्याहून वाईट म्हणजे सगळे सूर चढलेले. आयुष्यभर अकराच्या तारा दाबून माझा हात जड झालेला. बारीक तार एवढी दाबली की ती ताणली जाते आणि सूर वर सरकतो.

"तू तार दाबतेस की पापड लाटतेस?" जरीना म्हणाली.

"तारच फुसकी आहे."

"तार फुसकी नाही, तुझा हात अजून त्या विंगेतल्या काकांशी भांडतोय. ते काका राहिले तरी असतील का आता?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "घेऊन जा तुझ्या शेवया," मी म्हणाले. ती पर्स उचलून निघालीही. चहा तसाच राहिला. एवढ्या वर्षांत जरीना माझ्याकडून चहा न पिता पहिल्यांदाच गेली. आमच्या ह्यांनी तो चहा पिऊन टाकला आणि म्हणाले, "कडक झालाय."

पुढचे दिवस मी पत्रिका वाटत हिंडले आणि जिथे तिथे चिडत राहिले. फोन तिनेही केला नाही, मीही नाही. तारा अकराच्या लावाव्यात तर बोट जातं, नऊच्या लावाव्यात तर सूर जातो. सनईचं रेकॉर्डिंग ऐकून बघितलं. चांगलं होतं. ते ऐकून मला रडूच आलं.

मग एका सकाळी दारात जरीना. हातात पाकीट.

"बस," मी म्हणाले. "चहा टाकते."

"आधी ऐक. तुमची लग्नाची बोलणी कशी झाली?"

"चांगली झाली. का?"

"कशी झाली ते सांग. त्यांनी काय सोडलं?"

"वरात."

"आणि तुम्ही?"

"आम्हाला लग्न सकाळी हवं होतं. संध्याकाळचं मान्य केलं."

"मग तसंच. तू अकरा सोड, मी नऊ सोडते. दहावर ये." तिने पाकीट माझ्या हातात दिलं. "आणि सगळ्या तारा अर्धा सूर खाली जुळव. तार सैल पडते, बोटाला आराम, आणि आवाज खाली बसतो. जाड तारेसारखा भरीव वाटतो. हात तेवढा हलका ठेव. आधीच सैल तार, दाबलीस की सूर चढलाच म्हणून समज."

दहाच्या तारा. मधल्या. मी मुकाट्याने लावल्या, खुंट्या पिळून अर्धा सूर उतरवल्या आणि मंगलाष्टक सुरू केलं. ओळ चढली, थांबली, घरंगळत खाली आली. आवाज असा गोल आणि ऊबदार, की आमचे हे आतून टॉवेल गुंडाळलेले तसेच बाहेर आले. दुसरी ओळ. तिसरी, चौथी. बोट अडकलं नाही. मी हसायला लागले आणि जरीनाने डोळे पुसले.

"आता टाक चहा," ती म्हणाली. "कडक नको."

आता राहिल्या मुक्तावन्सं. ह्यांची थोरली बहीण, धायरीला असतात. आमच्या घराण्यातलं एकही लग्न मुक्तावन्संच्या मंगलाष्टकाशिवाय लागलेलं नाही. त्या ते स्वतः रचतात, आणि दोन्हीकडच्या तमाम नातेवाइकांची नावं त्यात कोंबतात. एकदा एका मावसकाकांचं नाव राहिलं तर ते काका दोन दिवाळ्या आले नव्हते. गळा गोड आहे, खणखणीत आहे. पण साथीला मी असणार, तर त्यांचा सूर कुठला हे आधी ठरवायला हवं. म्हणून मी आणि जरीना गिटार घेऊन धायरीला गेलो.

वन्संनी भाकरीचा तवा उतरवला, पदराला हात पुसला आणि गायला लागल्या. जरीनाने सूर मोजायचं ॲप उघडून मोबाइल पुढे धरला. पेटीवर काळी चारच्या शेजारी पांढरी सहा असते. या दोघींच्या मधे तिसरी पट्टीच नाही. ॲपमधली सुई बरोब्बर त्या दोघींच्या मधे जाऊन थांबली आणि ढिम्म हलेना.

"वन्सं, थोडं खाली येता येईल का?" मी विचारलं. "काळी चारला?"

"हा सूर काय वाईट आहे?"

"वाईट नाही हो. पेटीत नाही."

"मग पेटीवाल्याला विचार, का नाही ते," वन्सं म्हणाल्या.

जरीनाला हसू आवरेना. पण मी गिटारवर काळी चारचा सूर दिला आणि वन्संनी तो असा अलगद उचलला की ॲपमधली सुई काळी चारवर जाऊन बसली. अख्खं मंगलाष्टक सुरात म्हटलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी काय बेसूर आहे का? मला फक्त कुणी विचारत नाही." आम्हाला भाकरी आणि पिठलं खायला घालून मगच सोडलं.

लग्नाच्या दिवशी मी हिरवी पैठणी नेसून गिटार गळ्यात अडकवली, तेव्हा विहीणबाई स्वतः पुढे आल्या आणि गिटारच्या पट्ट्यात अडकलेला माझा पदर सोडवून दिला. "वायर सांभाळा," म्हणाल्या. मला ही बाई त्याच क्षणी आवडली. जरीना अँप्लिफायरपाशी खुर्ची टाकून बसली होती आणि अक्षता आत जाऊ नयेत म्हणून तिने त्याच्यावर आपली ओढणी धरली होती. पाटावर आमोद, समोर स्वराली, मधे अंतरपाट. तिचा चेहरा आमोदला दिसत नव्हता, मला दिसत होता.

गुरुजींचं पहिलं मंगलाष्टक झालं, आमोदच्या मावशीचं झालं. दोन्हींना मी अगदी हलक्या हाताने साथ केली. लोक माना डोलवत होते. बोट ठीक होतं. मग मुक्तावन्संनी माइक घेतला.

मी काळी चारचा सूर दिला. वन्संनी तो ऐकला, मान हलवली, तोंड उघडलं आणि नेमकं त्याच वेळी त्यांचं लक्ष स्वरालीकडे गेलं. याच पोरीला त्यांनी मालिश करून न्हाऊ घातलं होतं. त्यांचा गळा भरून आला, आणि भरल्या गळ्याने त्यांनी सूर लावला तो त्यांचा स्वतःचा. काळी चार आणि पांढरी सहाच्या मधला. पेटीत नसलेला.

पहिली ओळ म्हणजे कहर झाला. खाली माझी गिटार, वर वन्सं, आणि दोघींच्या मधे चिमूटभर अंतर. ते चिमूटभर अंतरच कानाला सगळ्यात जास्त टोचतं. दुसऱ्या रांगेतल्या कुणीतरी तोंडावर रुमाल धरला. वन्संनाही कळलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बिचाऱ्या घाबरल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली बाई, लाडक्या भाचीचं लग्न, आणि चारशे माणसांत तिला वाटतंय की आपण बेसूर झालो. मी वाजवायचं थांबले असते तर माझं बोटही वाचलं असतं आणि अब्रूही. पण मग चूक त्यांचीच, हे सगळ्यांना कळलं असतं.

हात हलका ठेव, जरीना म्हणाली होती. जोर लावू नका, डॉक्टर म्हणाले होते.

मी जोर लावला. पापड लाटायचा तसा. सैल तार माझ्या बोटाखाली ताणली गेली, सूर वर सरकला, आणखी थोडा, आणि वन्संच्या सुराला जाऊन चिकटला. अकराच्या ताठ तारांनी मला एवढी मोकळीक दिलीच नसती. वन्संच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला लांबून दिसलं. दुसरी ओळ त्यांनी अशी म्हटली, की रुमाल धरणाऱ्या बाईने रुमाल डोळ्यांना लावला. जरीना ओढणी सोडून उभी राहिली होती.

आणि मग नावं सुरू झाली. दोन्ही आज्या, तिन्ही काका, नगरचे मामा, मांजरी गावचे चुलते, विहीणबाईंची बहीण. प्रत्येक सूर दाबून वर न्यायचा आणि तिथेच धरायचा. अनामिका पेटल्यासारखी झाली. मनात म्हटलं, आता अडकणार. नगरच्या मामांना अडकणार. मामा गेले. चुलते गेले. मी वन्संच्या तोंडाकडे बघत राहिले, त्या माझ्याकडे. शेवटी आलं एकदाचं 'शुभमंगल सावधान', आणि वन्संनी त्यातला 'सावधान' लांबवला. त्यांना थांबायचंच नव्हतं. मी तार ओढली, सुरावर नेली आणि बोट तिथेच अडकलं.

अडकलं ते तार ओढून धरलेल्या जागेवरच. सूर हलेना की ढळेना. वन्संचा श्वास पुरला तोवर गिटारचाही सूर पुरला. दोघी एकदमच थांबलो. गुरुजींनी पुढचं म्हटलं, अंतरपाट खाली गेला, अक्षता उडाल्या, वाजंत्री सुरू झाली, टाळ्याच टाळ्या.

मी गिटारच्या गळ्यावर हात ठेवून तशीच उभी. उजव्या हाताने बोट उघडता आलं असतं, पण सगळ्यांसमोर ते करायची मला लाज वाटली. फोटो काढून घेत असल्यासारखी हसत उभी राहिले. आमचे हे नेहमीप्रमाणे खिडकी शोधत होते.

स्वरालीच्या हातात हार होता. समोर आमोद मान पुढे करून उभा. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे, आणि हार तसाच घेऊन पाटावरून उतरली.

"मुली, नवरा इकडे आहे," गुरुजी म्हणाले.

तिने हार माझ्या खांद्यावर टाकला, माझा डावा हात धरला आणि बोट दोन्ही हातांनी हळूच उघडलं. टक्. तार सुटली आणि अँप्लिफायरमधून अख्ख्या कार्यालयात 'ट्यँव' करून आवाज गेला. वाजंत्रीवाले दचकून थांबले. लोक हसले, आमोद सगळ्यांत मोठ्याने हसला. मुक्तावन्संच्या हातात माइक अजून तसाच होता. "हा माझ्याच पट्टीतला होता," त्या माइकमधून म्हणाल्या.

मी हसत होते आणि रडतही होते. स्वरालीने माझ्या खांद्यावरचा हार उचलला.

"आई," ती म्हणाली, "किती सुरात अडकलीस."

आणि वळून आमोदकडे निघाली. वाजंत्री अजून गप्पच होती. एवढं अंतर तिने काहीच न वाजता चालावं, हे काही बरं दिसलं नसतं. मी गिटार सावरली आणि ती पाटावर पोचेपर्यंत वाजवत राहिले.